अर्धा जबाब

कागद भोजराजने आणला होता, अर्जनवीसाकडून साफ अक्षरात लिहून आणला होता, पण सकाळपासून त्याच्या घडीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. तलावाच्या मातीच्या पाळीवर, पाणी सोडायच्या तुडुमाच्या दगडी तोंडाशेजारी घोंगडी अंथरून सगळं घर बसलं होतं. चांगलं शाकारलेलं घर सोडून इथे येऊन बसायचं कारण एकच. बकाराम पाळ सोडून घरी यायला तयार नव्हता, आणि अर्जावर सही बकारामचीच पाहिजे होती.

गेली चाळीस वर्षं बकाराम मोहाटोल्याचा पाणकर. तुडूम कधी उघडायचं, कोणाच्या धानाच्या बांधीला किती घटका पाणी द्यायचं, पहिली पाळी वरच्या शेताची की शेवटच्या टोकाची, हे सगळं त्याच्या तोंडून निघायचं आणि त्यावर दुसरा शब्द नसायचा. इंग्रज गेला, मालगुजारी गेली, राज्याचं नाव बदललं, नागपूरचं सरकार उठून मुंबईला गेलं. तरी मोहाटोल्यात पाणी बकारामच्याच शब्दावर चालत होतं. आता तुडुमाच्या दगडाला पाठ टेकून तो बसला होता आणि समोर तलावात जेमतेम तिसरा हिस्सा पाणी होतं. भादवा सरत आला होता. एरवी या दिवसांत पाणी पाळीच्या वरच्या दगडाला लागलेलं असायचं आणि पोरांना इकडे फिरकू देत नसत.

"दादा, सही कर अन् मोकळा हो," श्यामलाल म्हणाला. बकारामचा हा धाकटा भाऊ. बोलायला एक नंबर फटकळ. "धान गर्भावर आहे. आठ दिवसांत पानी नाई भेटलं तं तनीस भेटन, दाना नाई भेटनार."

"काकाजी, जरा दमानं," बकारामचा थोरला मुलगा भोजराज म्हणाला.

"दम कायचा? तुमचा साहेब दुपारी दोनाले केशोरीहून उठनार. मंग कोनाले अर्ज देशीन, म्हसोबाले?"

देवचंद खाली मान घालून गवताची काडी मोडत बसला होता. तो बकारामचा धाकटा मुलगा, गोंदियाला मॅट्रिक झालेला, आणि दोन वर्षांपासून धरणाच्या ऑफिसात कारकून. केशोरीला साहेबाचा मुक्काम आहे, नदीच्या खालच्या गावांचे अर्ज तिथे घेणार आहेत, हे त्यानेच कळवलं होतं. चार दिवसांची रजा टाकून बायकोला, कुंदाबाईला, घेऊन तो कालच आला होता. अर्जात काय लिहावं लागेल तेही त्यानेच सांगितलं होतं, आणि ते सांगितल्यापासून तो बापाशी बोलायचं टाळत होता.

मोहाटोल्याचा तलाव पावसाने निम्मा भरायचा. उरलेला निम्मा कोसंबी नदी भरायची. पोळा झाला की नदी उतरायला लागे. मग गाव मिळून पात्रात माती आणि पळसाच्या फांद्यांचा बांध घालायचं आणि नदी वळून पाटाने तलावात यायची. नदीचं पाणी नुसतं पाणी नसायचं, त्याच्याबरोबर गाळ यायचा, मासोळी यायची, विहिरींना झरे फुटायचे. दोन वर्षांपूर्वी वर बारा कोसांवर सरकारी धरणाची दारं बसली आणि हे सगळं थांबलं. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, नदीला यंदा उशीर झाला. बांध घालून वाट पाहत बसले. दुसऱ्या वर्षी आली ती एकदमच. धरणाची दारं उघडली, पण खालच्या गावांना सांगावा नाही. बांध गेला, काठचा ऊस आडवा झाला, आणि चार दिवसांत पुन्हा नुसती वाळू. विहिरींचे दोर दोन-दोन हात वाढवावे लागले. ढिवरांची चार घरं जाळी गुंडाळून चोरखमाऱ्याच्या तलावावर निघून गेली. हे तिसरं वर्ष.

बरं, खालच्या सगळ्याच गावांचं असं झालं म्हणावं, तर तेही नाही. धरण बांधण्याआधी सरकारने चौकशी केली होती. कोणतं गाव नदीचं पाणी घेतं, कोणतं घेत नाही, त्याची नोंद केली होती. घेणाऱ्या गावांसाठी दसऱ्याआधी धरणातून पाणी सोडायचं ठरलं होतं आणि ते सुटतही होतं, धरणापासून निघालेल्या कालव्याने, पलीकडच्या अंगाने. मोहाटोल्यापुढे चौकशीच्या वहीत एकच ओळ होती. 'नदी से पानी नहीं लेते.' खाली लिहिलं होतं, जबाब बकाराम पाणकर.

या एका ओळीपायी बकारामने दोन वर्षं गावाच्या शिव्या खाल्ल्या. तोंडावर कोणी बोलत नसे, पण विहिरीवर, पारावर, बाजाराच्या वाटेवर बोलत. म्हाताऱ्याचा ताठा नडला, म्हणत. आमचा तलाव आमच्या हिमतीचा, असं काहीतरी साहेबाला ऐकवलं असेल, म्हणत. हात दाखवून अवलक्षण!

"वाच," बकाराम म्हणाला. सकाळपासूनचा हा त्याचा पहिला शब्द.

भोजराजने घडी उलगडली. "मी, बकाराम वल्द चैतराम, राहणार मौजा मोहाटोला, लिहून देतो की, सन एकोणीसशे पंचावन्न साली धरणाच्या चौकशीत मी जो जबाब दिला, तो खोटा होता..."

"थांब," मनकर्णाबाई म्हणाली. ती इतका वेळ सुपातले तांदूळ निवडत होती. पोरांची माय, या घरात पंचेचाळीस वर्षं काढलेली. "खोटा लिवलं आहे?"

"माय, तो अर्जाचा शब्द आहे."

"अर्जाचा शब्द अन् घरचा शब्द येगळा असते का गा? मानसाले खोटा म्हनून राहिले तुमी. तुह्या बापाले."

"मी कोनाले काही म्हनून नाई राहिलो, माय! गाव मले विचारते, भोजराज पाटील, तुमच्या बाबानं असं काऊन केलं? काय सांगू मी? माह्याही तीन एकरात भेगा पडल्या ना."

बकारामने हात वर केला तशी दोघं गप्प झाली. "खोटा नको लिवू," तो सावकाश म्हणाला. "अर्धा लिव. मी अर्धं बोललो असन. बाकीचं तोंडातच ऱ्हायलं असन माह्या."

"सरकारात अर्धा नसते, बाबा. खरा नाईतं खोटा. तिसरा शब्द नाई. या देवचंदालेच विचारा, तो ऑफिसात आहे."

सगळ्यांच्या माना देवचंदकडे वळल्या. त्याने काडी टाकून दिली. "नोंद बदलायची असन तं आधीचा जबाब चुकला असं लिहावंच लागते," तो म्हणाला. "कोनाची चूक, तेही लिहावं लागते." आणि हे बोलताना त्याने बापाकडे पाहिलं नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही.

मोहाटोल्यात एक शब्द पाळायची रीत होती. नदीचं पाणी 'घेतलं' असं म्हणायचं नाही. घ्यायचं ते बाजारातून, दुकानातून. नदी ही माय, आणि माय देते. बांध घालायच्या दिवशी पाणकर गुडघाभर पाण्यात उभा राहायचा, घरची बाई नदीची ओटी भरायची, आणि घरातल्या धाकट्याने काठावरून ओरडून विचारायचं, "पानी घेतलं का गा?" वर्षातून हा शब्द एवढा एकदाच, तोही उत्तर ऐकण्यासाठी. पाणकर साऱ्या गावाला ऐकू जाईल असा म्हणायचा, "घेत नाई. माय देते." मग पहिली कुदळ पडायची. देवचंदला वाचा फुटल्यापासून हा प्रश्न त्यानेच विचारला होता. गोंदियाहून शाळेला सुट्टी काढून यायचा त्यासाठी.

पंचावन्न साली ओव्हरसियर आला तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि ओव्हरसियर जबलपूरकडचा. त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, झाडीची बोली तर लांबच राहिली. देवचंद नुकताच मॅट्रिक झालेला, शिवलेली पँट घातलेला, साफ हिंदी बोलणारा. ओव्हरसियरने सकाळपासून त्याला बरोबर फिरवलं होतं, चहा पाजला होता, 'तुम तो ऑफिस में काम करने लायक हो' असं म्हटलं होतं. याच पाळीवर खुर्ची टाकून त्याने विचारलं, "इस तालाब में नदी का पानी लेते हैं क्या?"

बकारामला तेवढी हिंदी कळत होती. त्याने हात जोडले आणि बांधाच्या दिवशी म्हणतो तसंच म्हटलं, "घेत नाई जी साहेब. माय देते." आणि साहेबाला पाटाचं तोंड दाखवावं म्हणून तो धोतर सावरत पाटाकडे चालू लागला.

"क्या बोला?" ओव्हरसियरने विचारलं.

तिथे देवचंदची जीभ अडखळली. माय देते! हे साहेबाला सांगायचं कसं? हसेल तो. म्हणेल, इसका बाप तो निरा देहाती है. कानांत ऊन उतरलं होतं, पँट घामाने चिकटली होती. तो म्हणाला, "कहते हैं, नहीं लेते."

ओव्हरसियरने लिहिलं, वही मिटली आणि खुर्ची उचलायला सांगितली. पाटाच्या तोंडाशी बकाराम एकटाच हात दाखवत उभा होता. साहेब येईल म्हणून बराच वेळ उभा होता.

तेव्हा देवचंदला यात काही घडलं असं वाटलंच नाही. एक वाक्य ते काय! पण दोन वर्षांनी केशोरीला नोंदी वाचून दाखवल्या, बापाने मान खाली घातली, आणि तेव्हा त्याला आपलं ते वाक्य आठवलं. सांगायचं राहून गेलं. आधी नोकरी नवी होती म्हणून, मग गाव चिडलेलं होतं म्हणून, मग इतके दिवस गेले आता काय सांगायचं म्हणून. एकदा फक्त कुंदाबाईला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, झालं ते झालं, आता कोणापाशी बोलू नका.

आताही ती मागे सरकून त्याच्या कानाशी आली. "तुमी गप बसा जी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बाबांचं वय झालं. दोन अक्षरांनं त्यायचं काय जाते? तुमची नोकरी गेली तं आपन खावाचं काय? या भेगांतली माती?"

ती काही वाईट बाई नव्हती. पोटात चौथा महिना होता आणि गोंदियात दोन खोल्यांचं घर नुकतं लागलं होतं.

भोजराजने टाक बापाच्या हाती दिला, दौत पुढे सरकवली. बकारामने टाकाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"मनकर्णा, तुले आठवते? केवळरामच्या बापानं चोरून तुडूम उघडलं होतं. भर पंचायतीत त्याले म्हटलं, खोटा मानूस पान्याजवळ नाई पाहिजे. त्यानं मले कधी उलटून म्हटलं नाई, का तूही खोटा." त्याने दौत जवळ ओढली. "आता म्हनन. म्हनू दे. पानी आलं पाहिजे."

"नका करू सही," मनकर्णाबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मरू द्या तो धान."

"एका घराचा असता तं मरू देल्ला असता."

त्याने हात धोतराला पुसला. टाक दौतीत बुडवला, ठिबका झटकला आणि कागदावर वाकला. बकाराम शाळेत दोनच वर्षं गेला होता. अक्षर मोठं काढायचा, आणि सही करताना जीभ दातांत धरायचा. त्याने 'ब' काढला. 'ब'चं पोट नीट गोल झालं की नाही ते पाहिलं आणि पुढच्या अक्षरासाठी टाक पुन्हा बुडवला.

"थांबा, बाबा."

कुंदाबाईने मागून सदरा ओढला. देवचंदने तिचा हात सोडवला.

"तो जबाब खोटा नोहता. अर्धाही नोहता. तुमी पुरा सांगतला होता. मीच साहेबाले अर्धा सांगतलो."

मनकर्णाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"काय म्हनून राहिला तू?" भोजराजने विचारलं.

देवचंदने सगळं सांगितलं. खुर्ची, पँट, चहा, साहेब हसेल ही भीती. काही झाकलं नाही. बोलता बोलता त्याचं नाक वाहू लागलं आणि ते त्याने सदऱ्याच्या बाहीला पुसलं, जशी पोरं पुसतात.

"मंग दोन वर्षं म्हाताऱ्याले कायले कुटू देल्लं रे?" श्यामलाल ओरडला. "मी, मी स्वतः याले नाई नाई ते बोललो! सख्ख्या भावाले! अन् तू तिकडं पंख्याखाली बसून पगार खाऊन राहिला?"

भोजराज उठून उभा राहिला होता. त्याची मूठ वळली होती, पण मारायचं कोणाला हेच त्याला कळत नसावं. तो कागद स्वतःच बारा मैल सायकल हाणून त्याने आणला होता. "साहेब तं आता मराठीच आहे," तो नुसता पुटपुटला. "आता आला असता तं मधी कोनाची गरजच नोहती."

मनकर्णाबाईने पदर तोंडाला लावला. "मीच म्हटलं होतं त्यायले," ती म्हणाली. "केशोरीहून नोंद ऐकून आले अन् रडले, म्हने, माय देते हे माह्या तोंडून निघालं का नाई, मले याद येत नाई. मी म्हटलं, वय झालं, ऱ्हायलं असन. मीच म्हटलं वो माय!"

टाक बकारामच्या हातातच होता आणि शाई थेंबाथेंबाने घोंगडीवर पडत होती.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

"बाबा, मी..."

"तुहं नाई. माहं सांग. मी काय म्हटलो होतो?"

देवचंदने बापाकडे पाहिलं. "घेत नाई जी साहेब. माय देते."

"दोन्ही म्हटलो होतो? तू आपल्या कानानं ऐकला?"

"हव, बाबा. दोन्ही."

आणि म्हातारा हसला. खुदकन हसला, आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. देवचंदला वाटलं होतं बाप मारेल, शिव्या देईल, या पाळीवर पुन्हा पाय ठेवू नको म्हणेल. त्याची तयारी त्याने केली होती. या हसण्याची केली नव्हती.

"म्हटलो होतो मी," बकाराम बायकोला सांगत होता. "ऐकलं का वो? म्हटलो होतो! दोन वर्षं मले वाटे, साहेबाची खुर्ची पाहून मी मायले विसरलो. म्हनून ती आटली. धरनानं नाई, माह्या तोंडानं आटली." त्याने श्यामलालचा गुडघा हलवला. "शाम्या, मी म्हटलो होतो रे."

श्यामलालने मान फिरवली.

दोन वर्षं बकाराम नदीवर गेला नव्हता हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पाय दुखतात म्हणायचा. ओटी मनकर्णाबाई एकटीच भरून यायची. पाय कशाने दुखत होते ते आज कळलं.

देवचंदने बापाच्या हातून टाक घेतला. पुढचा मजकूर आडव्या रेघेने खोडला, कागद उलटा केला, मांडीवर ठेवला आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं, की मोहाटोल्याच्या पाणकराने जबाब खरा आणि पूर्ण दिला होता, तो हिंदीत सांगताना मी अर्धा सांगितला, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या कोसंबीच्या पाण्यावर आहे. खाली नाव लिहिलं. नावाखाली हुद्दाही लिहिला. भोजराजने वाचलं आणि हुद्द्यावर बोट ठेवलं.

"हे नको लिवू. नोकरी जाईन."

"ते लिहिलं नाई तं साहेब वाचनार नाई, भाऊ."

भोजराजने कागदाची घडी केली, टोपीच्या आत ठेवली आणि पाळ उतरून सायकलीकडे गेला. जाताना त्याने धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशीच, पण जरा जोरात.

"काही होईन का गा त्यानं?" श्यामलालने विचारलं.

देवचंद ऑफिसात होता, त्याला माहीत होतं. यंदा धरणच पुरतं भरलं नव्हतं. ज्यांची नोंद होती त्यांनाच पाणी पुरेल की नाही अशी बोलणी चालली होती, आणि नोंद बदलायला वर्ष लागतं, दोन वर्षं लागतात. दोन वर्षांपूर्वी बोलला असता तर आज नोंद बदललेली असती. "अर्ज घेतील," तो एवढंच म्हणाला.

बकारामचं तिकडे लक्षच नव्हतं. तो उठून धोतर झटकत होता. "मनकर्णा, ओटीचं सामान आन. आज सोमवार, मायच्या ओटीचाच वार आहे. मले जाऊ दे मायकडे. आता तोंड दाखवता येते मले."

"अहो, पन तिथं..." मनकर्णाबाई बोलता बोलता थांबली. तिथं काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. तिने तांदळाचं सूप उचललं. खण नव्हता. कुंदाबाई मघापासून रागाने तोंड फिरवून बसली होती, ती काही न बोलता उठली, घरी जाऊन आपल्या पेटीतला नवा हिरवा खण आणि एक नारळ घेऊन आली आणि सासूच्या सुपात ठेवला. देवचंदकडे तिने पाहिलं नाही.

पाटाच्या काठाने सगळे निघाले. पाटात तरोटा माजला होता, गुरांनी मध्येच पायवाट पाडली होती. बकाराम सगळ्यांच्या पुढे चालत होता, भरभर. पाय दुखतात म्हणणारा माणूस! मध्येच थांबून तो मागे वळला आणि श्यामलालला म्हणाला, "इथी आपन पोट्टे असताना डोंबाळं पकडलं होतं, याद आहे?" आवाज अगदी मोकळा होता. देवचंदला तो आवाज सहन होत नव्हता. दोन वर्षं हा माणूस त्याच्या एका वाक्याखाली दबला होता, आणि ते वाक्य उचललं तर रागावण्याऐवजी तो त्याला मासोळीच्या गोष्टी सांगत चालला होता.

नदी आली. म्हणजे नदीची जागा आली. काठापासून काठापर्यंत पांढरी वाळू, मध्ये एक हिरवट डबकं, त्यात म्हशी. जुन्या बांधाच्या चार खुंट्या तेवढ्या उभ्या होत्या.

बकाराम क्षणभर काठावर थांबला. मग दरवर्षीसारखं धोतर गुडघ्यावर खोचून खाली उतरला आणि जिथे गुडघाभर पाणी असायचं बरोबर तिथे, वाळूत, जाऊन उभा राहिला. मनकर्णाबाईने ओटी भरली. वाहून न्यायला काही नव्हतं, म्हणून खण, तांदूळ आणि नारळ तिने वाळूवरच ठेवले आणि खण वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला.

सगळे देवचंदकडे पाहू लागले. धाकटा तोच.

तो काठावर उभा राहिला. "पानी घेतलं का गा?"

"घेत नाई," बकाराम खणखणीत म्हणाला. आणि पुढचं म्हणायला त्याने तोंड उघडलं. डावीकडे वळून त्याने वर पाहिलं, जिकडून नदी यायची तिकडे. मग खाली पायांकडे पाहिलं. तोंड तसंच उघडं राहिलं. पुढचे दोन शब्द आले नाहीत. मघाचं हसू त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरून गेलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

डबक्यात म्हशीने शेपटी आपटली. बापाचं ते उघडं तोंड देवचंदला पाहवेना. चार वर्षांपूर्वी गिळलेले ते दोन शब्द त्याच्याच तोंडात होते. दोन्ही हात तोंडापाशी नेऊन तो काठावरून ओरडला, साऱ्या पात्रात घुमेल असा ओरडला, "माय देते!"

बकारामने वळून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या थकलेल्या माणसाने पाहावं तसं.

"आता कोनाले सांगून राहिला, बाबू?" तो म्हणाला, आणि खोचलेलं धोतर सोडून वाळूतून काठाकडे चालू लागला.